अँटनीचं हिणकस नाणं

हे नाणं जवळून पाहा. एका बाजूला वल्ह्यांची युद्धनौका. दुसरीकडे दोन ध्वजदंड, मधे गरुड, आणि खाली सैन्यदलाचा, म्हणजे लीजनचा क्रमांक. रोमन सेनानी मार्क अँटनीने हा चांदीचा देनारियस इ.स.पू. 32-31 मध्ये पाडला. समोर ऑक्टेव्हियनशी, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसशी, निर्णायक युद्ध होतं आणि फौजेचा पगार थकवून चालणार नव्हतं. तेवढी चांदी नव्हती, म्हणून तांबं मिसळलं.

इ.स.पू. 31 मध्ये ॲक्टियमच्या लढाईत अँटनी हरला. पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याची नाणी मात्र बाजारात फिरत राहिली, आणि त्यांची बदनामीही. शंभरेक वर्षांनी रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की अँटनीने देनारियसमध्ये लोखंड घातलं.

या बदनामीनेच नाण्याला आयुष्य दिलं. हातात दोन नाणी असली, तर माणूस चोख नाणं गाठीला ठेवतो आणि हिणकस आधी खपवतो. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने एका रोमन पौंडातून 84 ऐवजी 96 नाणी पाडायला सुरुवात केली आणि चांदीचा कसही सुमारे 80 टक्क्यांवर आणला. आता जुनं चोख नाणं वितळवण्यातच फायदा होता. तरी ते एका रात्रीत नाहीसं झालं नाही. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातले देनारियस सापडतात. आपल्याकडे कोइमतूर परिसरात मिळालेले देनारियसही बहुतेक सम्राट ऑगस्टस आणि तिबेरियसचे, म्हणजे नीरोच्या आधीचे आहेत. परदेशी व्यापाऱ्यालाही कस कळत होता.

मग सम्राट त्राजानने झिजलेली नाणी गोळा करून वितळवली. कॅसियस डिओच्या इतिहासात तशी नोंद आहे. प्रजासत्ताकाची चांदी त्यानंतर झपाट्याने विरळ झाली. अँटनीचं नाणं पुष्कळसं वाचलं, कारण ते वितळवून टांकसाळीच्या हाती फारसं काही लागणार नव्हतं! लोकांच्या ते इतकं ओळखीचं झालं होतं, की मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस या सम्राटांनी सहाव्या लीजनचं तेच नाणं नव्याने पाडलं. अँटनीला जाऊन तेव्हा जवळपास दोनशे वर्षं झाली होती.

इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, शॅपविक इथे 1998 मध्ये नऊ हजारांहून अधिक देनारियस एकत्र सापडले. त्यातलं सर्वात नवं नाणं इ.स. 224 चं. सर्वात जुनी नाणी अँटनीची. अडीचशे वर्षांच्या वापराने नौका पुसट झालेली, काहींवरचा क्रमांकही वाचता येत नाही, तरीही एकाच ठेव्यात नव्या नाण्यांच्या जोडीला. मला यात सम्राटांच्या फर्मानांपेक्षा सामान्य माणसाचा व्यवहार जास्त दिसतो. चालतंय ना, मग घ्या.

दरम्यान रोमची चांदीच आटत होती. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. 194 च्या सुमारास कस निम्म्याच्या आसपास आणला. एकेकाळचं हिणकस नाणं आता टांकसाळीतून येणाऱ्या कोऱ्या नाण्यापेक्षा चोख ठरलं, आणि जे सगळ्या चोख नाण्यांचं होतं तेच त्याचं झालं. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर ते व्यवहारातून दिसेनासं होतं. सम्राट डेशियसच्या काळात, इ.स. 250 च्या आसपास, टांकसाळ जुने देनारियस थेट नव्या ठशाखाली घालून त्यांवरच दुप्पट किमतीची नाणी पाडू लागली होती.