उशीर कुणी मोजायचा?

[रेकॉर्ड रूम. दोरीने बांधलेले गठ्ठे.]

केस पेपर, औषधांच्या नोंदी, भुलीचा तक्ता, संमतीपत्र. वैद्यकीय हलगर्जीपणाचा दावा या कागदांवर उभा राहतो. पेशंटच्या घरच्यांकडे बहुतेकदा नुसतं डिस्चार्ज कार्ड. बाकीचं सगळं, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच कपाटात!

[नर्सिंग चार्ट, जवळून.]

ऑपरेशननंतरची रात्र. दोन वाजता नाडी ११८, रक्तदाब उतरलेला. तीन, चार, पाच... तिन्ही ओळींत तेच आकडे, अक्षरही एका बैठकीत लिहिल्यासारखं. सहाला एकदम धावपळ. तज्ज्ञ डॉक्टरांची पेन्सिल याच तीन ओळींवर अडते.

हलगर्जी ठरवायची कशी? इंग्लंडमध्ये १९५७ च्या बोलम खटल्यात माप ठरलं: त्याच शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला ती पद्धत मान्य असेल, तर डॉक्टर दोषी नाही. म्हणजे डॉक्टरांना मापायची पट्टी डॉक्टरांच्याच हातात. ते मत तर्काला तरी धरून आहे का, हे न्यायाधीश तपासू शकतात, असं बोलिथो खटल्यात स्पष्ट व्हायला १९९७ उजाडलं.

[चहाचे तीन पेले.]

आणि चूक सिद्ध झाली, तरी दावा जिंकला असं नाही. १ जानेवारी १९६६, लंडन. पहाटेच्या चहानंतर तीन पहारेकऱ्यांना उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात डॉक्टरांनी तपासलंच नाही. नर्सकडून निरोप आला, घरी जा, आपल्या डॉक्टरला दाखवा. दुपारी एक जण दगावला. चहात आर्सेनिक होतं. कोर्ट म्हणालं, डॉक्टर चुकले. पण लगेच दाखल केलं असतं, तरी उतारा वेळेत मिळाला नसता. दावा फेटाळला.

[टेबलावर चार्ट, शेजारी लॅबचे रिपोर्ट.]

म्हणून या फाईलला दुसरा तज्ज्ञ लागला. तो उलटा हिशोब मांडतोय. दोनला सर्जनला फोन गेला असता, तर पेशंट टेबलावर किती वाजता? रक्त किती वाजता? आतला रक्तस्राव तेव्हा आटोक्यात आला असता का? प्रत्येक वेळेपुढे तो रिपोर्टचा आकडा लिहितो. दिवाणी दाव्यात खात्री शंभर टक्के लागत नाही. वाचण्याची शक्यता दगावण्यापेक्षा जास्त होती, एवढं दाखवलं की पुरे. बचाव पक्षाचं ठरलेलं उत्तर: आजारच मुळात गंभीर होता.

[कोर्टाच्या पायऱ्या. घरची मंडळी.]

भरपाई ठरते ती त्यानंतर. त्यात वर्षं जातात, काही दावे मधेच तडजोडीत मिटतात.