फळ कुठल्या फांदीला धरतं?

मंडळी, अंगणातल्या झाडाला कात्री लावायची म्हटलं की हात मागे येतो. आपल्या हातानं लावलेलं झाड ते. मी ज्या वर्षी धीर केला, त्या वर्षी नेमका अवेळी केला. आंबा फार पसरला म्हणून डिसेंबरात चारी बाजूंनी शेंडे उडवले. फेब्रुवारीत शेजारचा आंबा मोहरला आणि आमच्या झाडावर नुसती पानं. आंब्याचा मोहोर जून झालेल्या काडीच्या शेंड्यातून निघतो. तो मी आधीच कापून टाकला होता. म्हणून माझं एकच सांगणं आहे, कात्री उचलण्याआधी त्या झाडाला फळ कुठल्या फांदीला धरतं ते बघा.

आंबा छाटायचा तो फळं उतरल्यावर लगेच. बोर उन्हाळ्यात, झाड विसावलेलं असताना, चांगलं खोलवर छाटलं तरी चालतं, कारण त्याचं फळ नव्या फुटीवर येतं. आपल्या इंदूरच्या जामाचंही तसंच. (पुण्याकडचे पाहुणे त्याला पेरू म्हणतात.) जामाची नवी काडी फुटली की पानांच्या बेचक्यात कळ्या दिसतात. वसंतात फुललेलं फळ आपल्याकडे ऐन पावसात पिकतं. पाणचट लागतं, आत अळ्या निघतात. म्हणून आत्ता, मे महिन्यात, कोवळे शेंडे वीतभर छाटा. त्यावरची कळी जाईल, जाऊ द्या. पावसाबरोबर नवी फूट येईल, मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा बहर, धरेल आणि थंडीत जो जाम खाल त्याची गोडी काही वेगळीच असेल.

लहान रोपाला मात्र फळापेक्षा वळण महत्त्वाचं. गुडघ्याच्या थोडं वर, साधारण 60 ते 70 सेंटिमीटरवर शेंडा खुडा. शेंडा असतो तोवर खालचे डोळे झोपलेले राहतात. तो गेला की जागे होतात. त्यातल्या तीन-चार फांद्या ठेवा, वेगवेगळ्या दिशांना आणि वेगवेगळ्या उंचीवर. खोडाशी अगदी चिंचोळा कोन करणारी फांदी ठेवू नका, फळांच्या वजनानं ती तिथंच चिरते. कलमाच्या जोडाखालून फुटलेलं काहीही दिसताक्षणी काढा, ते खुंटाचं, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचं असतं.

जाड फांदी एका दमात कापू नका, साल खोडापर्यंत सोलत जाते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून. फांदी पडली की उरलेला तुकडा काढा, पण बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या बाहेरून. जखम तीच भरून काढते. जखमेला बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, भांडं प्लास्टिकचं. उन्हात उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याचा हात द्या.

छाटलेलं मात्र जाळू नका. 1924 साली इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आपल्याच गावात आले आणि काडीकचरा, शेण, माती, राख थरांनी रचून खत करण्याची रीत त्यांनी इथं बसवली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. इंदुरातल्या अंगणातून धूर निघालेला मला बघवत नाही.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणि करवत मी आणली आहे. मागच्या अंगणात जामाचं झाड आहे, तिकडे जाऊ. ज्यांनी आजवर एकही फांदी कापलेली नाही त्यांनी पुढे यावं.