सिग्नलला बंद पडणारी गाडी आणि सरांची वही

श्रोतेहो, नमस्कार.

गॅरेजवाल्याच्या पोटात गोळा आणणारं एक वाक्य आहे. गिऱ्हाईक चावी टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, ‘गाडी कधीकधी बंद पडते.’ रोज पडत असेल तर काही प्रश्न नाही. पण ‘कधीकधी’ म्हणजे गाडी दिवसभर माझ्या दारात गरीब गाईसारखी उभी राहणार, आणि संध्याकाळी मालक घेऊन गेला की आपल्या सोलापूरच्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत बरोबर मान टाकणार.

तीन वर्षांपूर्वी, एप्रिलात, एक निवृत्त शिक्षक अशीच गाडी घेऊन आले. गणिताचे सर. गाडी २००३ सालची, पेट्रोल, इंजेक्शनवाली, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कॉम्प्युटरच्या हुकमानं फवारलं जातं ती. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वीस वर्षांच्या वयाचा होता. रस्त्यावर झकास पळायची, पण सिग्नलला थांबली की आठवड्यातून पाच-सहादा बंद. किल्ली फिरवली की लगेच पुन्हा चालू. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. नवे प्लग, नवा फ्युएल पंप, थ्रॉटल बॉडीची सफाई, असे साडेनऊ हजार गेले होते आणि दुखणं जिथल्या तिथे.

आता ज्यांनी कार्बोरेटरच्या गाड्या चालवल्यात, त्यांना वाटेल, एवढं काय, स्लो, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची गती, थोडा वाढवायचा! एक स्क्रू पिळला की झालं. इंजेक्शनच्या गाडीत ते चालत नाही. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलात की हवेची झडप जवळजवळ मिटते. इंजिन मिनिटाला आठशे-साडेआठशे फेऱ्यांवर तग धरून राहतं ते बाजूच्या एका बारीक वाटेनं येणाऱ्या हवेवर. ती वाट किती उघडायची हे ईसीएम ठरवतो, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर. एसी लावला, थोडी उघड. रेडिएटरचा पंखा लागला, आणखी थोडी. झडपेजवळ रंग लावून बंद केलेला एक स्क्रू दिसतो, त्याला हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. झडप पूर्ण मिटली आहे हे ज्या खुणेवरून ईसीएमला कळतं, ती खूणच त्यानं हलते, आणि मग एका दुखण्याची दोन होतात.

बरं, मग बघायचं काय? आधी ऐकायचं. गाडी कशी बंद पडते ते ऐकायचं. हे रेडिओवर सांगायला मला बरं वाटतंय, कारण हा विषय कानाचाच आहे. बटण दाबून दिवा घालवावा तशी ‘टक’ करून गाडी गेली, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा एकदम खाली, तर बहुतेक वेळा वीज तुटली आहे. कुठलातरी रिले, इग्निशन कॉइल, नाहीतर क्रँकचा सेन्सर. यातले काही भाग तापले की दगा देतात आणि थंड झाले की साळसूदपणे पुन्हा काम करतात. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांत असली गिऱ्हाइकं पुष्कळ येतात. पण गाडी आधी घरघरली, काटा आठशेवरून सहाशे, पाचशे, पुन्हा सातशे, मग एक आचका आणि शांत, तर वीज शाबूत असते. तिथे हवा आणि पेट्रोलचं गणित बिघडलेलं असतं. टाकी भरल्यानंतर लगेच असं होत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप उघडी राहते का ते आधी बघा. सकाळी गार इंजिनालाच होत असेल, तर पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर.

सरांना विचारलं, ‘कशी पडते?’ ते म्हणाले, ‘पडते.’ गाडी मी दिवसभर ठेवून घेतली. एकदाही पडली नाही.

त्या काळातल्या गाड्या मुक्या असतात. २०१० साली गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज चारचे नियम आधी १३ शहरांत आले, त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. त्यानंतरच्या गाड्या दोष वाचणारा स्कॅनर लावला की हळूहळू बोलायला लागल्या. सरांच्या गाडीत मात्र तपासणीच्या कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगच्या, दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या आणि डॅशबोर्डवरच्या इंजिनाच्या दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा, मग दोनदा. म्हणजे १२. त्या गाडीच्या भाषेत १२ म्हणजे सगळं क्षेम आहे. बंद पडणारी गाडी मला खुशाली कळवत होती!

मग मी पोराला पाठवून दोनशे पानी वही आणवली आणि सरांच्या हातात दिली. म्हटलं, सर, आता तुम्ही हजेरी घ्या. गाडी बंद पडली की बाजूला घेऊन लिहायचं. किती वाजले, इंजिन गार की गरम, एसी, हेडलाइट, आवाज कसा, वास कसला, आणि पुन्हा किती वेळात चालू झाली. एक सूचना त्यांना दिली, ती तुम्हालाही देतो. चालत्या गाडीत इंजिन गेलं तर ब्रेक जात नाही, पण एक-दोनदा दाबल्यावर कडक होतो. तेव्हा पंपासारखा सारखा दाबत बसू नका, एकदा दाबून धरा. पॉवर स्टिअरिंगही जड होतं, पण वळतं.

पंधरा दिवसांनी वही आली. पट्टीनं आखलेले रकाने, अकरा नोंदी. सकाळची एकही नाही. अकराही गरम इंजिनाच्या, अकराही एसी चालू असताना. त्यातल्या आठ दिवेलागणीनंतरच्या. आवाजाच्या रकान्यात ‘समोरून पंख्याची घरघर सुरू झाली की थोड्या वेळाने’. मोहोळजवळच्या टोलनाक्यावर रांगेत एकदा, पण पुण्याच्या रस्त्याला धावताना कधीच नाही. आणि वासाच्या रकान्यात चार वेळा बारीक अक्षरात, ‘पेट्रोल’.

सगळं उत्तर त्या पानावर होतं, आणि मी ते वाचलं नाही. खरं सांगतो. एसी आणि पंखा दिसल्यावर मी ठरवूनच टाकलं की ती बारीक वाट उघडणारा व्हॉल्व्ह अडकतोय. खोलला, तर आत काजळीचा थर निघाला. सरांना दाखवून मी मिशीला पीळ दिला. चौथ्या दिवशी सरांचा फोन. ‘नोंद क्रमांक बारा.’

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली, ती या वेळी ‘पेट्रोल’ या शब्दापासून. वास येतो, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. प्लग काढले, तर महिनाभरापूर्वीचे नवे प्लग काजळ लावल्यासारखे. ईसीएम गरज नसताना पेट्रोल का वाढवत होता? आणि तेही दिवे, पंखे, एसीचा ब्लोअर एकत्र चालू असतानाच का?

वीज येते त्या वायरकडे सगळे बघतात, परत जाते ती वाट कोणी बघत नाही. त्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्हवरून दोन केबल निघतात. जाड केबल गिअरबॉक्सला, पातळ केबल बॉडीला. स्टार्टर जाड केबलवर फिरतो, म्हणून जोरात फिरत होता आणि आम्ही सगळे ‘अर्थिंग उत्तम’, म्हणजे ही परतीची वाट ठीक, म्हणून पुढे जात होतो. मी मीटर घेतला, व्होल्टवर लावला. ओहमवर लावून उपयोग नसतो, एवढा बारीक अडथळा साध्या मीटरला शून्यच दिसतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडावर. गाडी चालू, बाकी सगळं बंद, तेव्हा ०.०४. हेडलाइट लावले, ०.२. ब्लोअर लावला, एसी लावला, पंखा फिरला, ०.६. इथे ०.१, फार तर ०.२ हवा. आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी घरघरली, काटा झोपला, गाडी बंद. नोंद क्रमांक तेरा, माझ्या अक्षरात.

केबलचं रबर चिरलं. आत तांब्याच्या तारांची हिरवी पूड झाली होती, मधल्या कितीतरी तारा तुटलेल्या. वरून केबल ठणठणीत.

आता ०.६ व्होल्टनं एवढं काय होतं? त्या गाडीत ईसीएमचं अर्थिंग बॉडीला, पण सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरचं अर्थिंग त्या पाइपातून इंजिनाला. त्या सेन्सरचा सगळा कारभारच ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये चालतो. जास्त व्होल्ट म्हणजे पेट्रोल जास्त, कमी म्हणजे कमी. ईसीएमच्या पायाखालची जमीनच ०.६ नं वर उचलली गेली, की त्याला सेन्सरचा प्रत्येक आकडा तेवढाच कमी दिसतो. तराजूलाच पासंग, मग वाणी प्रामाणिक असून उपयोग काय? तो बिचारा पेट्रोल कमी पडतंय समजून ओतत राहतो, आणि आठशे फेऱ्यांवरचं इंजिन गुदमरतं. गार इंजिन असताना ईसीएम त्या सेन्सरचं ऐकतच नाही, म्हणून सकाळी गाडी पडत नव्हती. धावताना समोरच्या वाऱ्यानं रेडिएटर गार राहतो, पंख्याचा भार नसतो, आणि इंजिनात दमही असतो.

सरांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, सगळं मिळून किती अँपिअर? म्हटलं, धरा तीस. त्यांनी वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. ‘म्हणजे शून्य पॉइंट शून्य दोन ओहम,’ ते म्हणाले, आणि मला इतक्या मायेनं बघितलं की जणू मी पहिल्या बाकावरचा पोरगा. नवी केबल, तिच्या टोकांना दोन थिंबल, बॉडीवर बोल्टाखालचा रंग खरवडून जागा चकचकीत. खर्च दोनशेच्या आत. मीटर पुन्हा लावला, सगळं चालू ठेवून, तर ०.०५.

व्हॉल्व्ह साफ केल्याचे पैसे मी घेतले नाहीत. सर द्यायला तयार होते.

पावसाळा संपल्यावर ते पुन्हा आले, वही घेऊन. केबल बदलल्यापासून रोजची तारीख आणि पुढे ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. शेवटच्या पानावर मात्र नवा मथळा होता, खाली दोन रेघा मारलेला: ‘डिकीतून खुळखुळ. फक्त डाव्या वळणावर.’