पाय, पेडल आणि सुसाट सुटलेली गाडी

(दृश्य : चालकाच्या पायापाशी असलेली जागा. शेजारी शेजारी दोन पेडल. एक पाय हळूहळू ब्रेकवर येऊन टेकतो.)

आपण पाहत आहात ती जागा गाडी चालवताना चालकालाही दिसत नाही. त्याची नजर रस्त्यावर असते आणि इथला सगळा व्यवहार पाय अंदाजाने उरकतो. उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर, डावीकडे ब्रेक आणि दोहोंमध्ये जेमतेम काही बोटांचे अंतर. चालकाच्या मनात नसताना गाडी एकाएकी वेग घेते आणि काही केल्या आवरत नाही, अशा घटनांचा गेल्या चार दशकांत अनेक देशांत तपास झाला आणि तो पुन्हा पुन्हा याच जागेपाशी येऊन पोहोचला.

१ जुलै २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, सिटी हॉलजवळ एक गाडी एकेरी रस्त्यावर उलट दिशेने शिरली आणि पादचाऱ्यांच्या अंगावर गेली. नऊ जणांचा जीव गेला. चालक ६८ वर्षांचा होता आणि त्याचा पेशाच बस चालवण्याचा होता. आपण ब्रेक दाबत होतो, पण गाडी थांबली नाही, असे त्याने सांगितले. तपासनीसांनी त्याचा उजवा बूट तपासला, तेव्हा तळव्यावर उमटलेला ठसा अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलशी जुळला. गाडीतल्या नोंदयंत्राचा पुरावाही त्याच बाजूने होता.

तरीही असा चालक खोटे बोलतो, असे म्हणण्याची घाई आपण करू नये. पाय पेडलवर नेण्याची क्रिया इतकी सवयीची असते की, मनाने ‘ब्रेक’ असा हुकूम दिला की पाय तिकडे गेलाच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात आसनावर थोडे वळून बसले असताना, मागे पाहत गाडी काढताना किंवा दचकल्यामुळे पाय दोन-चार बोटे उजवीकडे पडू शकतो, आणि तो चुकला हे सांगायला तिथे कोणीच नसते. गाडी पुढे झेपावते, चालकाच्या काळजात धस्स होते आणि तो ‘ब्रेक’ आणखी जीव खाऊन दाबतो. गाडी आणखी पळते. आपला पाय ब्रेकवरच आहे, अशी त्याची पक्की खात्री असल्यामुळे पाय उचलावा हा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. रिचर्ड श्मिट या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये नेमकी ही साखळी मांडली होती : निर्णय बरोबर असतो, चुकतो तो पाय. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००९ मध्ये चुकीचे पेडल दाबल्यामुळे झालेल्या जड वाहनांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात शाळेच्या बस आणि अग्निशामक दलाची गाडीही होती. म्हणजे रोज गाडी चालवून पोट भरणारी माणसेही या चुकीतून सुटलेली नाहीत.

मात्र एवढ्यावरून सगळा दोष चालकाच्या पदरात टाकणे अन्यायाचे आहे. ऐंशीच्या दशकात ऑडी ५००० या गाडीबद्दल अमेरिकेत तक्रारींचा पूर आला होता. १९८९ मध्ये सरकारी तपासाचा अहवाल आला, त्यात चुकीचे पेडल दाबले जाणे हे मुख्य कारण ठरले. परंतु काही गाड्यांमध्ये इंजिनाची स्थिर गती राखणाऱ्या यंत्रणेत बिघाड होऊन इंजिन अचानक थोडे उसळत असे, हेही पुढे आले. ती उसळी स्वतः जीवघेणी नव्हती, पण चालकाला दचकवायला पुरेशी होती. यंत्राने दचकवले, दचकलेला पाय चुकला आणि चुकलेल्या पायाने गाडी भरधाव सोडली. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून निघणारच नाही, अशी कुलपाची सोय नंतर ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये रूढ झाली.

(दृश्य : एक जाड रबरी मॅट पुढे सरकते आणि तिची कड अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर चढते.)

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ पाय चुकला नव्हता. लेक्सस ईएस ३५० ही टोयोटा कंपनीची गाडी महामार्ग पोलीस दलातला एक अधिकारी चालवत होता. त्याच्यासह कुटुंबातले चौघे त्या अपघातात गेले. गाडीत दुसऱ्याच मॉडेलची मोठी रबरी मॅट घातलेली होती, आणि तिच्यात अ‍ॅक्सिलरेटर अडकून राहिला. ब्रेक अतिशय तापून जळाले होते. चावीऐवजी बटणाने चालू होणारी ती गाडी धावत असताना बंद करायची, तर बटण काही सेकंद दाबून धरावे लागत असे. ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे, त्याला हे त्या क्षणी कसे सुचावे?

त्यानंतर टोयोटाने लक्षावधी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये १२० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवरही, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनात किती हवा सोडायची हे विजेच्या संकेतांनी ठरवणाऱ्या झडपेवरही, संशय होता. नासाच्या अभियंत्यांनी तो तपासला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात तसा दोष सापडला नसल्याचे सांगितले. मात्र सापडला नाही म्हणजे असूच शकत नाही असे नव्हे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. २०१३ मध्ये ओक्लाहोमातील एका ज्यूरीने एका अपघातासाठी याच यंत्रणेला जबाबदार धरले. हा वाद मिटला आहे असे निवेदकाला वाटत नाही.

गाडी चालवणाऱ्याने मात्र वाद मिटण्याची वाट पाहू नये. थांबलेली किंवा अगदी हळू जाणारी गाडी एकदम झेपावली, तर आधी पाय पेडलवरून पूर्ण उचलावा. खात्री असली तरी उचलावा, आणि मग मुद्दाम डावीकडे नेऊन ब्रेक दाबावा. धावत्या गाडीत पाय उचलूनही वेग कमी होत नसेल, तर मॅट किंवा पेडल अडकले आहे असे समजून ब्रेक एकाच दमात, पूर्ण ताकदीने दाबावा आणि सोडू नये. सुस्थितीतील ब्रेक इंजिनाला भारी पडतात. पण थ्रॉटल पूर्ण उघडा असताना पेट्रोल इंजिनात ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी तयार होत नाही, आणि साठलेली मदत एक-दोनदा दाबून सोडले की संपते. मग पेडल दगडासारखे घट्ट लागते. त्याच वेळी गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन कर्कश आवाज करील, ते करू द्यावे. चाकांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. गाडी रस्त्याच्या कडेला थांबल्यावरच इंजिन बंद करावे, कारण धावत्या गाडीची चावी पूर्ण फिरवली तर स्टिअरिंगला कुलूप लागू शकते.

ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले, तर ब्रेकचेच ऐकावे, अशी व्यवस्था आता बऱ्याच गाड्यांत असते. पण पाय ब्रेकवर नसेलच तर ती काय करणार? टोकियोतील इकेबुकुरो भागात एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली, आणि जपानमध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला. सप्टेंबर २०२८ पासून तिथल्या नव्या ऑटोमॅटिक प्रवासी गाड्यांना आणखी एक यंत्रणा सक्तीची होणार आहे : समोर एक-दीड मीटरवर अडथळा असताना उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर कोणी पूर्ण दाबला, तर गाडीने तो हुकूम जसाच्या तसा मानायचा नाही.

(दृश्य : उभी गाडी. चालक वाकून मॅट मागे ओढतो, तिची दोन्ही भोके जमिनीवरच्या खुंट्यांत बसवतो, आसनावर सरळ बसतो. पाय ब्रेकवर ठेवून तो गिअर न्यूट्रलमध्ये नेतो आणि परत आणतो. मग डोळे मिटून तेच पुन्हा करतो.)