हात धुतलेत ना डॉक्टर?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय हॉस्पिटलमध्ये लागणाऱ्या इन्फेक्शनबद्दल. म्हणजे पेशंट आला एका दुखण्यासाठी आणि अ‍ॅडमिट झाल्यावर ताप चढला भलत्याच कशानं. साधारण 48 तासांनंतर सुरू झालं तर ते बहुधा तिथलंच धरतात. लघवीची नळी, सलाईनची सुई, ऑपरेशनची जखम, व्हेंटिलेटर, जंतू आत शिरतात इथून, पण त्यांना इथवर आणतात बऱ्याचदा हात. परत सांगते, हात.

1847 चं व्हिएन्ना सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग, एकात डॉक्टर आणि शिकणारी पोरं, दुसऱ्यात सुइणी. 1846 मध्ये डॉक्टरांकडे शंभरातल्या 11 बायका दगावल्या, सुइणींकडे तीनसुद्धा नाहीत! बायकांना हे ठाऊक होतं हो, पहिल्या विभागात नका नेऊ म्हणून हातापाया पडायच्या. पेशंट जीव तोडून काही सांगतोय तर आधी ऐकून घ्यावं. तर तिथला तरुण डॉक्टर सेमेलवाइस, त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदनात विद्यार्थ्याची सुरी लागून गेला, आणि त्याच्या शरीरात तेच सापडलं जे या बायकांच्यात सापडायचं. मग उजेड पडला! पोरं प्रेतं फाडून थेट बाळंतिणी तपासायला जात होती. मे महिन्यात त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये मृत्यू 18 टक्के, जूनमध्ये दोनच्या आसपास. तरी मोठ्या मोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही, आमचे हात घाण कसे म्हणून रागावले, आणि 1865 मध्ये तो बिचारा स्वतःच जखम चिघळून गेला, 47 वर्षांचा होता. मला अजून वाईट वाटतं.

आता आपलं काम. डॉक्टर असो, नर्स असो, पेशंटला हात लावायच्या आधी नम्रपणे विचारा, हात धुतलेत ना? राग आला तर येऊ दे. नळी असेल तर रोज विचारा, आज काढता येईल का, कारण ती जितके दिवस राहील तितका धोका वाढतो. भेटायला जाणाऱ्यांनी बेडवर बसू नका, जखमेला, नळीला हात लावू नका, सर्दी-खोकला असेल तर फोनवर बोला, गर्दीनं पेशंट बरा होत नाही. हात सॅनिटायझरच्या जेलनं वीस-तीस सेकंद चोळा, साबणानं धुणार असाल तर चाळीस ते साठ. आणि पेशंटला जुलाब असतील तर जेलवर विसंबू नका, जुलाबाचे काही जंतू जेलनं मरत नाहीत, तिथे साबण आणि पाणीच.