मार्फाच्या शाळेत पुरलेले शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

१९५४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात, मार्फा नावाच्या लहानशा गावात, एका शाळेने भाषेचा अंत्यविधी केला. मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले, त्या चिठ्ठ्या एका खोक्यात भरल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ते खोके पुरून टाकले. मृताचे नाव ठेवले होते ‘मिस्टर स्पॅनिश’. शाळेत ही भाषा आता बोलायची नाही, असा त्याचा अर्थ. आणि ही मुले घरी आईवडिलांशी बोलत ती नेमकी तीच भाषा.

ती शाळा म्हणजे ब्लॅकवेल स्कूल. १९०९ मध्ये मातीच्या कच्च्या विटांनी बांधलेल्या या इमारतीत केवळ मेक्सिकन वंशाची मुले शिकत. त्यांना गोऱ्या मुलांपासून वेगळे बसवावे, असे टेक्सासचा कायदा कुठेही सांगत नव्हता. मुलांना इंग्रजी येत नाही ही सबब पुढे करून गावोगावच्या शिक्षणमंडळांनी ती रूढीच पाडली होती. आणि जी गोष्ट कायद्यात लिहिलेलीच नाही, ती रद्द करा अशी मागणी तरी कोणत्या कलमाविरुद्ध करायची? त्याच १९५४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हर्नांडेझ खटल्यात, मेक्सिकन वंशाच्या नागरिकांनाही राज्यघटनेतील समान संरक्षणाचा हक्क आहे, असा निर्णय दिला, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी ब्राउन खटल्यातील निकालाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. मार्फातली वेगळी शाळा मात्र १९६५ पर्यंत चालू राहिली. तोवर तिथे तोंडून स्पॅनिश शब्द निघाला, तर लाकडी फळीचे फटके बसत.

एवढे सोसलेल्या माणसांनी ती इमारत कोसळू दिली असती, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. घडले ते उलटेच. इमारत हातची जाणार अशी चिन्हे दिसताच, २००६ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी संस्था स्थापन केली, जुनी छायाचित्रे आणि वस्तू जमवल्या आणि शाळा वाचवली. २००७ च्या स्नेहमेळाव्यात तर त्यांनी त्या जुन्या अंत्यविधीचा उलटा विधी केला : जमिनीतून एक खोके उकरून काढले, आणि त्यात होता स्पॅनिश शब्दकोश. पुढे १७ ऑक्टोबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या स्वाक्षरीने ब्लॅकवेल स्कूलला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करणारा कायदा झाला.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे ताडोबा वनखात्याकडे आणि अजिंठा पुरातत्त्व खात्याकडे असते. अमेरिकेत मात्र ग्रँड कॅन्यनची दरी आणि मार्फाची शाळा या दोन्हींची देखभाल ‘नॅशनल पार्क सर्व्हिस’ हे एकच खाते करते. या खात्याकडे चारशेहून अधिक स्थळे आहेत, परंतु लॅटिनो समाजाच्या आधुनिक इतिहासासाठी राखलेले पहिले स्थळ त्यांत यायला २०१२ साल उजाडावे लागले. ते म्हणजे शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांचे कॅलिफोर्नियातील कीन येथील स्मारक. ब्लॅकवेल हे दुसरे.

जुन्या, स्पॅनिश राजवटीच्या इतिहासाला एवढी वाट पाहावी लागली नाही. त्याच टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे याच खात्याच्या उद्यानात अठराव्या शतकातील चार मिशन, म्हणजे धर्मप्रसारासाठी वसवलेल्या ख्रिस्ती वसाहती, आहेत. स्पॅनिश धर्मगुरूंच्या देखरेखीखाली ती उभारली प्रामुख्याने कोआउइल्टेकन आदिवासींनी, आणि त्यांच्या वंशजांपैकी काही कुटुंबे आजही तिथेच प्रार्थनेला येतात. कारण परिसर उद्यानाचा असला, तरी आतली चर्च चालती आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने या मिशनांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मला मात्र तिथले पाट अधिक महत्त्वाचे वाटतात. नदीवर बंधारा घालून शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या या पाटांना ‘असेकिया’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. तो स्पेनमध्ये रुजला आणि तिथून समुद्र ओलांडून टेक्सासला पोहोचला. आता इंग्रजी बोलणारे उद्यानाचे रक्षकसुद्धा पर्यटकांना ‘असेकिया’ असेच सांगतात. मिशन एस्पादाजवळ दगडी कमानींवरून ओढा ओलांडणाऱ्या अशाच एका पाटाला अजूनही पाणी आहे.