शून्य टक्क्यावर अडकलेली रात्र

रात्रीचे साडेअकरा, महापे एमआयडीसी. कंपन्यांच्या बसेस कधीच गेल्या, खालच्या टपरीवाल्याने पण स्टो बंद केलाय. चौथ्या मजल्यावर मात्र लाईट चालू आहे, तिथे दोघं बसलेत. एक सीनियर डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी, तिला सगळे ताईच म्हणतात, आणि एक पोरगा, आत्ता आत्ता कॉलेजातून बाहेर पडलेला, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने येतो, आज शेवटची गाडी चुकणार हे त्याला आठलाच कळलं होतं.

काम काय, तर रविवारचा फुल बॅकअप स्टेजिंग सर्व्हरवर, म्हणजे चाचणीच्या मशीनवर, रिस्टोअर करून बघायचा, नीट परत उतरतो का ते. प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या चालू सिस्टमला, काही झालेलं नाही. झालेलं नाही तोवरच हे निवांत करता येतं.

बॅकअप फाइल ४०० जीबीची. पोराने स्टेजिंगवर ६०० जीबी मोकळी बघितली, म्हणाला बसतंय की. एंटर मारला, लगेच एरर, जागा नाही. "अरे कॉम्प्रेस्ड बॅकअप आहे तो, आधी फाइललिस्टओन्ली कमांड मारून आतल्या फाइलींचा आकार बघायचा ना," ताई म्हणाली. मारलं तर डेटा फाइल १.८ टीबी! आतली निम्मी रिकामी असली तरी एसक्यूएल सर्व्हरला, म्हणजे या डेटाबेस सॉफ्टवेअरला, जागा अख्खीच लागते. मग डिस्क वाढवून घेण्यात संध्याकाळ गेली, वर दोन्हीकडचे ड्राइव्ह वेगळे, म्हणून प्रत्येक फाइलला मूव्ह, म्हणजे नवीन जागा, लिहा, तेही आलंच.

आता स्क्रीन बघा. कमांडमध्ये स्टॅट्स ५ दिलंय, म्हणजे दर पाच टक्क्यांना एक ओळ यायला पाहिजे. वीस मिनिटं झाली, काही नाही. चाळीस झाली, तरी नाही.

"ताई, हँग झालंय, किल करू का?"

"थांब, आधी का अडकलंय ते तर बघ."

अडकलेलं नव्हतंच. विंडोजवर नवीन डेटा फाइल बनताना ती आधी पूर्ण शून्यांनी भरली जाते, डिस्क सेकंदाला २०० एमबी लिहीत असेल तर १.८ टीबीला अडीच तास नुसते शून्य लिहिण्यात जातात, बॅकअपमधला डेटा अजून उतरायलासुद्धा लागलेला नसतो. यावर उपाय एका टिकमार्कएवढा आहे, सर्व्हिस अकाउंटला 'परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स'चा हक्क द्यायचा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची, मग डेटा फाइलीत शून्य भरणं टळतं. लॉग फाइल, म्हणजे बदलांच्या नोंदींची फाइल, तरीही शून्यांनी भरतेच, पण ती सहसा लहान असते. प्रॉडक्शनवर हा हक्क दिलेला होता. स्टेजिंगवर कोणी द्यायचा, ते तर उरलंसुरलं मशीन!

उरलंसुरलं म्हणताना गिटलॅब आठवते, प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारला गेला आणि साधारण ३०० जीबीचा पोस्टग्रेस डेटाबेस गेला. रोजचा बॅकअप व्हर्जनच्या घोळामुळे फेल होत होता, फेल झाल्याचे मेलही पोचत नव्हते. वाचवलं स्टेजिंगने, तिथे सहा तासांपूर्वीची कॉपी होती, तीही दुसऱ्याच कामासाठी काढलेली. पण तिथल्या डिस्क इतक्या स्लो की डेटा परत आणायला १८ तासांच्या आसपास लागले.

इकडे महाप्यात ताईने रिस्टोअर कॅन्सल केला, तो हक्क दिला, सर्व्हिस उठवली, पुन्हा एंटर. दहाव्या मिनिटाला पहिली ओळ आली, ५ टक्के. पोरगा हसला. पुढे १०० झाले तरी डेटाबेससमोर 'रिस्टोरिंग' तसंच, तेव्हा परत चेहरा पडला, पण ते मुद्दाम आहे, फुल बॅकअप नोरिकव्हरीने लावलाय, म्हणजे अजून पुढचं लावायचंय, त्यावर डिफरेन्शियल, म्हणजे फुलनंतर बदललेलं तेवढं, मग एकेक करून लॉग बॅकअप, आणि रिकव्हरी, म्हणजे डेटाबेस वापराला खुला करणं, फक्त शेवटी. मध्येच रिकव्हरी दिली की पुढचे लॉग लागत नाहीत, पहिल्यापासून सुरू करा.

पावणेपाच. डेटाबेस ऑनलाइन आला, पण ॲप्लिकेशन लॉगिन होईना, युजर ऑर्फन झालेत, म्हणजे सर्व्हरच्या लॉगिनपासून तुटलेत. ते जोडायला दोन मिनिटं. डीआरच्या, म्हणजे संकटात सिस्टम परत उभी करायच्या, कागदावर कोणीतरी 'रिस्टोअर: २ तास' लिहून ठेवलंय, ताईने पेनाने ते खोडलं, नवीन आकडा मात्र लिहिला नाही, कारण डीबीसीसी चेकडीबी, म्हणजे डेटाबेस धड आहे का याची तपासणी, अजून चालूच आहे. पोरगा बॅग घेऊन कोपरखैरणे स्टेशनकडे निघालाय.